चरोद्याचा दोर आणि लाल झेंडी
चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका रस्सीखेचीत सलग चार वर्षं शेजारच्या सेक्टर दोनच्या बायकांकडून हरल्या होत्या, आणि चारही वेळा खापर फुटलं ते कांताबाईंच्या डोक्यावर. वजन दांडगं म्हणून त्यांना दोराच्या शेवटच्या टोकाला उभं करायचं, आणि हरल्यावर म्हणायचं, शेवटचीच घसरली. यंदा तर कॅप्टन मनकर्णाबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, की हरलो तर पुढच्या वर्षी त्या जागी कांताबाईंची सून रश्मी. कांताबाईंच्या मनाला ते लागलं. महिनाभर सरावाला त्या सगळ्यांच्या आधी हजर.

मराठी मंडळाच्या क्रीडादिनी ढोलताशांचा असा गलका, की पंचाची शिट्टी कोणाच्या कानावर पडेना. पंच हुशार. त्यानं लाल कपडा काठीला बांधला आणि दोन्ही बाजूंना ठणकावून सांगितलं, झेंडी वर गेली की खेचायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. झेंडी वर गेली. सेक्टर दोननं दोर खेचला आणि चरोद्याच्या आठही बायका जागच्या जागी थिजल्या. कोणाचा नवरा गार्ड, कोणाचा रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. लाल दिसलं की थांबायचं हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. भान येईपर्यंत तीनपैकी पहिली खेच हातची गेली होती.

मग जी ती दुसरीला बोल लावू लागली. मनकर्णाबाई तर रडकुंडीला आल्या. चार वर्षांत कांताबाईंनी टीममध्ये तोंड उघडलं नव्हतं, आज उघडलं.

"लाल दिसलं तं थांबाचंच, बायांनो. पण दोर धरून थांबा. पाय हलू देऊ नका, समोरच्या थकतीन. मले मागून साऱ्या दिसतेत. मी हिरवा म्हणन तवाच ओढा, सगळ्या संगच."

"आन तुमी म्हटलंच नाई तं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तं थांबून राहाचं."

झेंडी पुन्हा वर गेली. सेक्टर दोनच्या बायकांनी जीव खाऊन खेचलं, पण चरोदा हललं नाही. दंड भरून आले, तळहात सोलवटले, तरी एकीनंही स्वतःच्या मनानं ओढलं नाही. चार वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. समोरच्यांना धाप लागली तसा ढोलताशांच्याही वर चढून मागून कांताबाईंचा आवाज आला, "हिरवा!" आणि आठ बायका एका दमात मागे आल्या. तिसरी खेच पहिलीइतकीच लवकर आटोपली, फक्त उलट्या बाजूनं.

कॉलनीनं मैदान डोक्यावर घेतलं. कांताबाई मात्र अजून टाचा रोवून, दोर आवळून उभ्याच. जिंकलो, सोडा आता, असं सगळ्या सांगत होत्या. पण ऐकतंय कोण. शेवटी त्यांचे यजमान केवलराम, यार्डातले जुने पॉइंट्समन, पुढे आले. त्यांनी पंचाकडून झेंडी मागून घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं बायकोसमोर धरली.

तेव्हा कुठे कांताबाई हात सोडून खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. मनकर्णाबाई त्यांच्याशेजारी मातीतच टेकल्या.

"रश्मीले पुढच्या साली माह्या जागी घेऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मागची जागा तुमचीच."