दादाची पाचवी नळी

माझा राग नाकावर असतो, असं सगळं घर म्हणतं. खरंच आहे. गिऱ्हाइकाने पोचा पडलेलं वाद्य आणून "आपोआप झालं" म्हटलं की मी त्याला दारातूनच हाकलते. पण जेव्हा राग यायला हवा होता, तेव्हा मी बाई हसत बसले.

मी पितळी वाद्यं दुरुस्त करते. दुकान एवढंसं, दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. काम वडिलांचं, मी त्यांच्या हाताखाली शिकले. थोरल्या भावाला, दादाला, शिकायचं नव्हतं, वाजवायचं होतं. शहराच्या बँडमध्ये तो पहिला ट्रॉम्बोन, सव्वीस वर्षं त्याच खुर्चीवर. वडील म्हणायचे, "एकाने बिघडवायचं, एकीने नीट करायचं. दोघंही उपाशी मरणार नाहीत."

आठ वर्षांपूर्वी तो दुकानात आला आणि ट्रॉम्बोनची पेटी टेबलावर आपटली.

"ए ठोकपीट, बघ जरा याच्याकडे. हल्ली फार हवा खातो."

ठोकपीट म्हणजे मी. लहानपणापासून हातात हातोडी, म्हणून.

मी गळती शोधली. एका टोकाला तळहात दाबायचा, दुसऱ्या टोकाने हवा ओढायची. आत कुठे भोक नसेल तर जीभच चिकटते. माझी चिकटली. तरी थुंकी काढायच्या झडपेचं बूच बदललं, पुढे-मागे ओढायची सरकनळी पुसून तेल दिलं. दोन दिवसांनी स्वारी परत हजर. "नाही गं, अजून खातोच आहे."

ट्रॉम्बोनमध्ये ओठांना लावायचं माउथपीस जिथे बसतं, तिथे आत एक वीतभर नळी असते. सगळी गंमत त्या नळीत. ती रुंद असली की सूर भरदार येतो, पण माणसाचा दम मागते. अरुंद असली की हवा जरा अडते, थोड्या फुंकीत सूर पटकन उठतो. दादाची नळी बँडमधली सगळ्यात रुंद होती, कारण दम त्याचाच सगळ्यात मोठा. मी ती पहिली नळी काढली, केसभर अरुंद अशी दुसरी घडवून बसवली. त्याने फुंकलं आणि त्याचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आपल्यासारखी कारागीर आपणच.

"वा! आता कसा बोलतो बघ. तुझे हात सोन्याचे आहेत."

मग ते दर दोन-अडीच वर्षांनी सुरू झालं. ट्रॉम्बोन जड वाजतो, उशिरा बोलतो, सूर फाटतो. दादा कुरकुरायचा, मी नवी नळी करायची. तिसरी, चौथी, पाचवी. काढलेल्या नळीवर सुईने तारीख कोरून ती बिस्किटांच्या डब्यात टाकायची, ही वडिलांची शिस्त. "नीट केलेलं काम परत उलटं करता आलं पाहिजे," म्हणायचे.

वहिनी एकदा सांगायला आली होती. बिचारी दारातच उभी राहून बोलली. "वन्सं, हे हल्ली जिना चढताना मध्येच थांबतात. मोबाईल बघायचं सोंग करतात. तुम्ही बोला ना, तुमचं ऐकतील."

मी काय म्हणाले? "अगं, पोट सुटलंय त्याचं! आठवडाभर भात बंद कर." आणि वर हसले. ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

या वर्षी बँडच्या परीक्षेला तीन आठवडे होते. बँडमास्तर दरवर्षी प्रत्येकाला एकट्याला वाजवायला लावतात आणि मग ठरवतात, खुर्ची कुणाची. त्या दिवसांत लांब्या दुकानात आला. लांब्या म्हणजे दादाच्या शेजारी बसणारा दुसरा ट्रॉम्बोन, दारातून वाकूनच आत यावं लागतं त्याला. सरावाच्या वेळी त्याची सरकनळी अडकली, म्हणून त्याने तासभर दादाचं वाद्य वाजवलं होतं.

"काय करून ठेवलंयस गं त्याचं?" तो म्हणाला. "मी फुंकतोय आणि हवा सगळी गालात परत! बाटलीत फुंकल्यासारखं. हे वाजवतो तरी कसा तो?"

"तुझ्यासाठी नाहीच केलेलं ते," मी ताठ्यात म्हणाले. "दादाच्या मापाचं आहे."

"दादाच्या?" लांब्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "त्याची एक फुंक म्हणजे आमच्या दोघांच्या. हे तर एखाद्या आजाऱ्याच्या मापाचं आहे."

तो सहज बोलून गेला. मी त्याची सरकनळी सरळ केली, त्याला पाठवलं आणि दाराला आतून कडी घातली. डबा उपडा केला. चार नळ्या ओळीने मांडल्या, तारखेप्रमाणे. प्रत्येकीच्या तोंडात मापाची सळई घालून पाहिली. आठ वर्षं मी दादाचा दम मोजत होते, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, आणि मला कळलं नव्हतं. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! आणि औषध देणारी मी.

तशीच उठून त्याच्या घरी गेले.

"डॉक्टरकडे चल."

"परीक्षा होऊ दे."

"दादा, लाडात येऊ नकोस. उद्या चल."

"आणि डॉक्टर म्हणाला वाजवू नका, तर? खुर्ची लांब्याला देऊ?" तो हळू बोलत होता, मध्ये मध्ये थांबत. कधीपासून असा थांबून बोलायला लागला होता, कोण जाणे. "तू एक काम कर. अजून थोडी अरुंद नळी बसव. एवढी परीक्षा निघाली की तू म्हणशील तिथे येतो. आईची शपथ."

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "बरं. दे इकडे."

दुकानात आणून पाचवी नळी काढली. डब्यातून पहिली घेतली, जिच्यावर सव्वीसातली अठरा वर्षं गेली होती, आणि ती बसवली. सख्ख्या भावाला फसवत होते, दुसरं काय? पण सांगून ऐकणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने सगळ्यांना गुंडाळलं असतं. या नळीला गुंडाळता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. परीक्षेत मास्तर नेहमी एक संथ ओळ वाजवायला सांगायचे, आठ मात्रांची, एका दमात. दादा ती जांभई देत वाजवायचा. त्याने श्वास घेतला. तीन मात्रा झाल्या. चौथीला सूर फाटला, पाचवीला नुसती हवा. मग खोकला. टेबलाची कड धरून तो इतका वेळ खोकला, की समोरचा घड्याळवाला दुकान सोडून धावत आला.

"बिघडवलास," तो म्हणाला, बोलता आलं तेव्हा. "काय केलंस तू? तीन आठवडे राहिलेत आणि तू..."

"काही केलं नाही. तुझीच नळी आहे. तुझी पहिली. तुझा ट्रॉम्बोन तुला परत केला फक्त."

मी डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने एकेक नळी उचलली, खिडकीकडे धरून आरपार पाहिली, तारीख वाचली. मग स्टुलावर बसला. माझ्या दादाला मी एवढा म्हातारा कधी पाहिला नव्हता.

तो परीक्षेला गेलाच नाही. त्या खुर्चीवर आता लांब्या बसतो. ते सांगायला आला तेव्हा दादाने त्याची थट्टा केली, लांब्या मात्र मान खाली घालून रडला.

डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो दिव्यावर लावले. फुप्फुसं कडक होत चालली होती, म्हणाल्या. "त्रास कधीपासून?"

"असेल दोन-तीन महिने," दादा म्हणाला.

मी डबा टेबलावर ठेवला आणि नळ्यांचं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा चढवून तारखा वाचल्या. दुसरी नळी बराच वेळ हातात धरली. "या वेळी आला असतात, तर बरं झालं नसतं, पण थोपवता आलं असतं. आता फार काही हातात नाही. इतकी वर्षं तुम्हाला जाणवलंच कसं नाही?"

वहिनीने पदर तोंडाशी धरला होता. दादाने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो हसला, अगदी कौतुकाने.

"काय करणार बाई," तो म्हणाला. "आमची ठोकपीट काम फार चांगलं करते."

घरी येताना त्याने पाचवी नळी परत बसवायला सांगितली. मी बसवली. आता तो गादीवर उशांना टेकून बसतो, बाजूला प्राणवायूचं नळकांडं. दुपारी कधीतरी नाकातली नळी काढतो आणि एक सूर वाजवतो, एकच. जेमतेम फुंकर असते, तरी ट्रॉम्बोन लगेच बोलतो. जराही अडत नाही, फाटत नाही. तो माझ्याकडे बघून मान डोलावतो, आणि मी मान खाली घालते. आग लागो माझ्या हातांना.