व्हर्लिनचा कस्टोडियन

खोटारडे तुम्ही आहात, कर विभागाच्या साहेबांनो. निवृत्ती खात्यातलं सोनं म्हाताऱ्याने स्वतःच्या घरात ठेवायचं नाही, कस्टोडियनच्या, म्हणजे तुम्ही मान्य केलेल्या राखणदार कंपनीच्या हवाली करायचं, हा नियम तुमचा. कस्टोडियन कोणी व्हायचं, ती यादी तुमची. आणि तो शब्द तुम्ही आमच्या शाळेतून चोरलात.

इथे ओहायोत शाळा झाडणाऱ्या, बॉयलर सांभाळणाऱ्या, किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाला कस्टोडियन म्हणतात. व्हर्लिन स्टकी एकतीस वर्षं तेच होता. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरांच्या हरवलेल्या वस्तू तो चिठ्ठी बांधून कॉफीच्या डब्यात ठेवायचा. गाव सोडून गेलेल्या एका मुलीची अंगठी त्याने एकोणीस वर्षं ठेवली. ती आपल्या लेकीला शाळेत घालायला आली, तेव्हा तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "बेसिनच्या नळीत अडकली होती. उशीर झाला, माफ कर."

अशा माणसाला फोनवरच्या एका गोडबोल्याने पटवलं, की निवृत्तीचे पैसे सोन्याच्या खास नाण्यांत घाला. बायकोला, नोरीनला, कंपवात. तिला सरकारी वृद्धाश्रमात धाडणार नाही, घरीच नर्स ठेवीन, असा त्याने शब्द दिला होता. त्यासाठी हे सोनं.

गोडबोल्याने तीन कस्टोडियन कंपन्यांची नावं दिली. व्हर्लिनला मोतीबिंदू, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कागद मी वाचत होते.

"बारीक अक्षरातलंही वाच गं, डार्ला."

"चौदा पानं आहेत, व्हर्लिन! नोरीनचं सूप उतू जाईल."

"जाऊ दे," नोरीन म्हणाली. "त्याला किल्ली कोणाकडे एवढंच सांग. लग्नाच्या रात्रीसुद्धा जुडगा उशाशी होता मेल्याच्या."

व्हर्लिनने तिन्ही कंपन्यांना फोन लावला, एकच प्रश्न विचारला. तिसऱ्या कंपनीतली बाई म्हणाली, "किल्ली आमच्याकडे, सर. कस्टोडियन म्हणजे तेच ना?"

तो हसला. "मला सांगता, बाई? मी एकतीस वर्षं होतो."

आणि त्याने तिथेच सही केली.

दोन वर्षांनी नोरीन पडली. नर्ससाठी नाणी विकायला काढली, तर निम्म्याहून कमी भाव. मुळात दुपटीने गळ्यात मारली होती. गोडबोल्याचा फोन बंद. कस्टोडियनचा लागला. मी शेजारीच होते.

"एकही नाणं हरवलेलं नाही, सर. भाव काय लावला, विकणारा कसा होता, हे बघणं आमचं काम नाही. पान अकरा."

"बाई," व्हर्लिन हळूच म्हणाला, "माझ्या शाळेत चोराला मीच दार उघडून दिलं असतं, आणि सकाळी म्हटलं असतं, किल्ल्या शाबूत आहेत..."

"आणखी काही मदत करू, सर?"

नोरीन वृद्धाश्रमात गेली. खोलीत दोघी, मध्ये पडदा. लग्न झाल्यापासून ती रोज झोपताना विचारायची, "दारं लावलीस?" तिथेही विचारायची. दारं दुसऱ्यांची, तरी तो म्हणायचा, "लावली गं. सगळी."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने विचारलं. त्याचा हात पट्ट्याकडे गेला, जुडगा असायचा तिथे. रिकामा हात तसाच कमरेवर राहिला.

"लावली," तो म्हणाला. ती त्याच मिनिटाला गेली; ते तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नाही. तो रोज मला विचारतो.

पान अकरा मी वाचलं नाही. हा गुन्हा माझा, मरेपर्यंत माझाच. पण तुम्ही ते वाचलं होतं. वाचून त्या कंपनीचं नाव यादीत घातलंत. मग राखण म्हणजे काय, ते सांगा. पत्र नको. व्हर्लिनच्या समोर उभं राहून, त्याच्या तोंडावर सांगा.