मास्तरांचा पाय

"ब्रेक! ब्रेक, सिस्टर, ब्रेक!"

गाडी गचका देऊन थांबली आणि बंद पडली. पुढच्या सायकलवाल्याने वळून एक सणसणीत शिवी हासडली आणि तो निघून गेला. त्याचं मागचं चाक आणि गाडीचा बंपर यांच्यात वीतभर जागा उरली होती. सिस्टर मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात काम करणारी, पंचेचाळिशीची बाई. स्टिअरिंग घट्ट धरून ती क्षणभर तशीच बसली आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"मास्तर, आज तुम्ही पायच लावला नाहीत! एरवी पेडल माझ्या आधीच खाली जातं, मला काय कळत नाही? आज मीच थांबवली!"

"मग? शिकलात की आता," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

खरं तर मास्तरांनी ब्रेक दाबला होता. अंगातला सगळा जोर लावून दाबला होता. पण पायाखाली पेडल नव्हतं, शेजारची रबरी मॅट होती. आणि हे त्यांना खाली वाकून बघितल्यावर कळलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. मास्तरांचं नाव झालं ते त्या ब्रेकवर. बाकीचे शिकवणारे दणकन ब्रेक मारतात आणि वर शिकणाऱ्याची अक्कल काढतात. अक्कल मास्तरही काढत, त्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. पण ब्रेक मात्र इतका हळूच दाबत की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. निम्म्या गावाला धीर आला तो असा. "लायसन्सवर फोटो त्यांचा, पाय माझा," असं ते म्हणत आणि बायको सोडून सगळे हसत. बायकोने ते फार वेळा ऐकलं होतं.

साखरेचा आजार जुना होता. पायाच्या बोटांना मुंग्या येत, तेव्हा मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा बरं वाटतंय असं समजले. बायकोच्या ध्यानात आलं ते मागच्या महिन्यात. मास्तर बादलीत पाय सोडून बसले होते, पाय लालबुंद झाला होता आणि ते पाणी कोमट आहे म्हणून कुरकुरत होते.

"अहो, एकदा दाखवून या," सायकलवाला वाचला त्या रात्री जेवताना ती पुन्हा म्हणाली.

"दाखवून काय होणार? डॉक्टर म्हणेल, गाडी बंद. मग काय, घरी बसून तुझ्या भाज्या निवडू?"

"माझ्या भाज्यांचं राहू द्या. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं म्हणजे?"

"तोंड आवर!"

तिने तोंड आवरलं. ती बोलली तेच मास्तरांच्या डोक्यात दुपारपासून घोळत होतं, म्हणून राग जास्त आला. आणि रागापेक्षा भीती जास्त होती. गाडीबाहेर त्यांचं कुणी ऐकत नसे. मुलगा परगावी. तो फोनवर आईशी बोले आणि बाबा कसे आहेत, हेही तिलाच विचारी. गाडीत मात्र वकील असो, प्रोफेसर असो, मास्तरांनी 'थांबा' म्हटलं की थांबे. ती गाडी गेली की आपण कोण उरतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून पाहिला होता. उत्तर चांगलं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पुन्हा आली. कालच्या पराक्रमावर अजून खूष होती. "घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, थापा मारू नकोस. म्हटलं, मास्तरांना विचार!" मास्तर नुसतेच हुं म्हणाले. गाडी मैदानावर आली. आज रिव्हर्स शिकायचा होता, म्हणून मास्तर विटा मांडायला उतरले. दोन विटा मांडल्या, तिसरी मांडायला निघाले.

"मास्तर."

"काय आहे? बसा गाडीत."

"तुमची चप्पल गाडीतच राहिली."

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा अनवाणी. खडी, फुटक्या बाटल्यांच्या काचा, या सगळ्यावरून ते चालत आले होते. मागे मातीत रक्ताचे ठिपके पडले होते.

सिस्टर उतरून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शिकाऊपणाचा लवलेशही नव्हता. "बसा त्या कट्ट्यावर," ती म्हणाली आणि मास्तर बसले. तिने पाय मांडीवर घेतला, टाचेतली काच काढली, ओढणीच्या टोकाने रक्त पुसलं. मग केसातली पिन काढली.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"हो."

"टोचलं?"

"हो, टोचलं की."

"आता?"

"थोडं."

"आता?"

"हो, आता जरा जास्त टोचलं. पुरे करा."

"मास्तर, मी अजून पिन लावलेलीच नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. पिन तिच्या दुसऱ्या हातात होती. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून वाईट हे, की ती चिडली नव्हती. आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात बोलत होती.

"म्हणजे काल तुम्ही मुद्दाम पाय उचलला नव्हता," ती म्हणाली. "लागलाच नव्हता."

"नाही लागला."

"तो सायकलवाला…" तिने बाकीचं गिळलं. "मालकांना सांगा. आजच. नाहीतर मी सांगेन."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमची नोकरी शाबूत आहे."

"ऐका. असे पाय मी रोज बघते. उशिरा आलेले."

"एवढं शिकवलं त्याचे हे पांग फेडलेत."

हे तिला लागलं. तिचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. तिने रुमाल घट्ट बांधला, चप्पल आणून दिली आणि गाडी हळूहळू चालवत ऑफिसपर्यंत नेली. वाटेत सगळे ब्रेक तिने मारले आणि सगळे गचके देत मारले. मास्तरांनी एकदाही तिची अक्कल काढली नाही.

मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. त्यालाही गाडी मास्तरांनीच शिकवली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, रुमाल बांधलेला पाय दाखवला. त्याने पायाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"अहो मास्तर, सुट्ट्यांचा सीझन आहे. दुसरा माणूस आत्ता कुठून आणू? दोन महिने नुसते बसा शेजारी. हल्लीची पोरं मोबाइलवर बघून निम्मी शिकूनच येतात. तोंडाने सांगा, काही होत नाही."

"आणि वेळ आली म्हणजे?"

"इतकी वर्षं आली का? कुणाला कळतंय तुमच्या पायाचं? त्या नर्सबाईंना मी बघतो."

मास्तर वाटेभर एका गोष्टीला तयार होत आले होते. मालक रागावेल, मग हळहळेल, मग इतक्या वर्षांचं काहीतरी चांगलं बोलेल. त्यांचा पाय गेला तरी काही बिघडत नाही, हे ऐकायची तयारी त्यांनी केली नव्हती. म्हणजे तो पाय चालत होता तेव्हाही या माणसाच्या लेखी तो नव्हताच. पण दोन महिने तर मिळत होते. दोन महिने 'मास्तर' म्हणून घेता येणार होतं. मोह झाला. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर नवीन मुलगी थांबली होती. नुकतीच कॉलेजात गेलेली, पहिलाच दिवस. मास्तरांनी तिला सीट पुढे घ्यायला लावली, आरसा नीट करायला लावला, क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते सांगितलं. स्वतः शेजारी बसले आणि खाली वाकून, नजरेने बघून, उजवा पाय ब्रेकवर ठेवला. मान वर करून रस्ता पाहिला. रस्त्यावर शाळा सुटली होती. पाय तिथेच आहे ना, म्हणून पुन्हा खाली पाहिलं. घसरला होता. पाय बघावा तर रस्ता दिसत नव्हता, आणि रस्ता बघावा तर पाय कुठे आहे ते कळत नव्हतं.

मुलीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाल्यावर ती घाबरून हसली.

"सर, माझं चुकलं तर तुम्ही आहात ना?"

आजवर प्रत्येकाने पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं आणि मास्तरांनी प्रत्येकाला, "मग मी इथे काय झोपा काढायला बसलोय?" असं सुनावलं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. ती पुन्हा हसली. मास्तरांनी हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"ही आत मालकांना नेऊन द्या. म्हणावं, मास्तर उतरले."

"सर, मी काही केलं का?"

"तुम्ही काही नाही केलं, बाळ."

त्यांनी दार उघडलं. पाय बाहेर काढला, तो जमिनीला टेकला की नाही ते खाली वाकून पाहिलं, आणि मगच त्यावर भार दिला.