मागच्या सीटवरचं बिंगो

मित्रांनो, धावत्या गाडीत बसून आयुष्यभर मागेच बघत आलेला मी एक जुना आरसा आहे. पुढच्या काचेला, अगदी मधोमध चिकटवलेला.

कारखान्यात माझी काच कापली, पाठीला मुलामा दिला, काळ्या चौकटीत बसवलं, तेव्हा मी नुसता लखलखत होतो. माझी मालकीण म्हणजे छापखान्यातल्या ताई. गाडी शिकताना त्या दर वळणाला माझ्याकडे बघत आणि म्हणत, "तू नसतास तर माझी धडगत नव्हती, बाबा." पुढे त्यांचा हात बसला, तसं माझ्याकडे लक्ष कमी झालं. एका उन्हाळ्यात गोंद सुटला आणि मी टपकन खाली पडलो. मग कित्येक महिने कप्प्यात, सुकलेल्या पेनांच्या सोबतीला.

ताईंबरोबर रोज दोघं कामावर ये-जा करतात. पुढे चष्म्याच्या दुकानातले भाऊ, मागे दवाखान्यातल्या सिस्टर. भाऊंनीच मला एकदा बाहेर काढलं, पुसलं, पक्कं चिकटवलं. "लोकांना चष्मे देतो आणि आपलीच गाडी आंधळी," म्हणाले.

एका रविवारी तिघांनी लढाऊ विमानांचा सिनेमा पाहिला. सोमवारी सकाळी गाडीत तोच विषय.

"ऐन लढाईत तो वैमानिक बिंगो म्हणतो आणि परत फिरतो," भाऊ म्हणाले. "बिंगो म्हणजे जिंकलो."

"जिंकला तर तोंड पाडून का आला?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला गाडी लावायला जागा मिळाली, तरी तुमचं तोंड तसंच असतं."

"सिस्टर, तुम्हीच सांगा हो यांना."

सिस्टरांनी खिडकीला डोकं टेकलं होतं. त्यांचे डोळे मिटत होते. ते मला एकट्यालाच दिसत होतं. हल्ली स्वतःची पाळी संपवून घरी निघाल्या, की वाटेतच फोन येई आणि दुसऱ्या कुणाची पाळी करायला त्या परत जात. नाही म्हणणं त्यांना जमतच नसे.

संध्याकाळी भाऊ उत्तर घेऊनच गाडीत बसले. दुकानात आलेल्या एका निवृत्त वैमानिकाला त्यांनी चष्मे दाखवता दाखवता विचारून घेतलं होतं.

"हरलो मी. बिंगो म्हणजे घरी पोहोचण्यापुरतंच इंधन उरलं. मग लढाई कितीही रंगात असो, सांगायचं आणि फिरायचं. त्यात कमीपणा नाही म्हणे. न सांगणारा विमानासकट खाली येतो."

तेवढ्यात सिस्टरांचा फोन वाजला. "कुणीच आलं नाही का? बरं, बघते..." म्हणत त्यांनी पिशवी जवळ ओढली.

ताईंनी सवयीने गाडी कडेला घेतली आणि वळवण्याआधी माझ्यात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. पण ताईंची नजर रस्त्यापर्यंत गेलीच नाही. सिस्टरांच्या चेहऱ्यावर थांबली.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "टाकीत किती उरलंय?"

सिस्टरांनी मान वर केली. माझ्यात त्या दोघींची नजरानजर झाली.

"आज नाही जमणार मला," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "माझं बिंगो झालंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "म्हणजे घरी पोहोचण्यापुरतीच उरलेय हो. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

ताईंनी गाडी सरळ घराच्या रस्त्याला घेतली. पुढच्या चौकापर्यंत सिस्टर गाढ झोपल्या होत्या. खड्डा आला, की ताई आधी माझ्यात बघायच्या.

मित्रांनो, अधूनमधून माझ्यावर फडका मारा, गोंद सुटला तर वेळीच लावा, एवढंच माझं मागणं. आणि माझ्यात मागच्या गाड्या बघाल, तेव्हा मागच्या सीटवर कोण बसलंय, तेही बघत जा.