चित्र कुठेही अडकत नाही

काळजी वाटते म्हणून मुलाने आईच्या स्वयंपाकघरात तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवला होता. त्यानंतर साहेब थेट आज उगवले आणि रेकॉर्डिंग टीव्हीवर लावून बसले.

पडद्यावर आई घसरली. फरशीवर पडल्या पडल्या ती कॅमेऱ्याकडे हात करून काहीतरी बोलू लागली.

“बघ, तू पडलीस तेव्हासुद्धा चित्र अडकलं नाही! तुझ्या स्वेटरचे टाकेसुद्धा मोजून घे.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि आवाज?”

“बंद ठेवलाय. आवाज घेतला की चित्र अडखळतं गं.”

“घसा फोडून तुला हाका मारत होते मी, मेल्या! शेवटी शेजारीण धावत आली. तिच्याकडे कॅमेरा नाही, कान आहेत.”