कडीचं घरटं

आत्याच्या रविवारच्या वर्गात आम्ही शेजारीपाजारी चिमण्यांसाठी लाकडी घरटी करायला शिकत होतो. शिकवायला सुतारकाका. हाडाचे सुतार ते. प्रत्येक घरट्याला त्यांनी दार बसवलं आणि दाराला इवलीशी कडी.

"उघडं ठेवायला घर म्हणजे काय धर्मशाळा आहे?" ते म्हणाले.

आत्याने कपाळाला हात लावला, पण काकांपुढे बोलायची कुणाची टाप? घरटी टांगली. एकही चिमणी फिरकली नाही.

पुढच्या रविवारी वर्गात शिरलो, तर खिडकीतून आलेल्या तिरक्या उन्हात लाकडाच्या किसाचं एक भेंडोळं तरंगत वर चाललेलं. मग त्याच्यामागची चिमणी दिसली. बंद पडलेल्या घड्याळामागे ती घरटं रचत होती, आमच्याच रंध्याखालच्या किसाचं. आम्ही दारातच थबकलो. खोलीला स्वप्न पडलं होतं आणि ते मोडणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं.

"आपण गेल्यावर खिडकी बंद," आत्या कुजबुजली. "मग हिचं कसं व्हायचं?"

सुतारकाकांनी चपला काढल्या. पाय न वाजवता ते खिडकीशी गेले, स्क्रू सोडवले आणि अख्खी झडप उतरवून काखोटीला मारली.

"असू दे," ते हळूच म्हणाले. "धर्मशाळाच आहे ही."