पांढऱ्या कड्याखालचे शिंपले

मिस ऑर्फा टॅकेट माझ्या दुकानात आठवड्यातून दोनदा यायच्या, गांडुळं घ्यायला. आमच्याकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिसच म्हणतात. टिलफर्डच्या पुलाला लागूनच माझं दुकान. गळ, गांडुळं, बर्फ, आणि सकाळच्या वेळी लोण्यातली गरम, पावासारखी मऊ बिस्किटं नि त्यांवर ओतायला सॉसेजची ग्रेव्ही. नव्वद सालच्या जूनमध्ये त्या आल्या तेव्हा दाराजवळच्या फळीवर सरकारी अहवाल टाचलेला होता. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. एकाहत्तर वर्षांची बाई, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट. बावीस पानं होती. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांच्यासाठी त्या जरा बाजूला सरकल्या, तेवढंच.

प्रकरण असं होतं. आमच्या लिटल सॉरेल नदीला केंद्र सरकारचं संरक्षण देण्याचं चाललं होतं. तसा कायदाच आहे. ज्या नदीत काही असामान्य असेल ती एका यादीत घालतात, आणि एकदा यादीत गेली की तिच्यावर धरण बांधता येत नाही. वरचा, जंगलातला भाग यादीत जाणार हे जवळपास ठरलं होतं. पण पुलापासून खालच्या तेरा मैलांत पाणीपुरवठावाल्यांना धरण हवं होतं. आणि अहवालात त्या तेरा मैलांबद्दल एकच ओळ होती: 'या भागात आसपासच्या इतर नद्यांहून वेगळं असं काही आढळलं नाही.'

"हे कुणी लिहिलं?" मिस ऑर्फांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत खिडकीजवळच्या टेबलावरून एक उंच माणूस उठला. उन्हानं त्याच्या नाकाची सालं निघाली होती. तोंडातला घास त्यानं आधी गिळला. "मी, मॅडम. एमेट लिंडक्विस्ट. वनखात्याचा जीवशास्त्रज्ञ."

"कुठले तुम्ही?"

"मिनेसोटाचा."

"तरीच. किती दिवस बघितलीत नदी?"

"चार दिवस. नावेतून."

"नावेतून. म्हणजे वरून. माणसाची टोपी बघायची, आणि पोटात काही नाही म्हणून लिहून मोकळं व्हायचं."

त्यांनी गांडुळांचा डबा उचलला आणि निघून गेल्या. एमेट तसाच उभा राहिला. "आहे का हो तिथे काही?" त्यानं मला विचारलं.

"मला काय विचारता? मी पुलाच्या वरच्या अंगाला गळ टाकते," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. खाली काय आहे ते टिलफर्डमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. गांडुळं मागितली नाहीत. दुकानामागे मी मिनो माशांची टाकी धूत होते, तिथे येऊन उलट्या बादलीवर बसल्या.

"व्हर्लीन, तुझी चपटी होडी हवी आहे. आणि तू गप्प राहायला हवी आहेस. दोन्ही जमेल?"

"होडी नक्की देते," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी त्रेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे पूर्वी नदीतल्या शिंपल्यांची बटणं व्हायची. मिस ऑर्फांचे यजमान क्लीट शिंपले काढायचे, आणि मिस ऑर्फा काठावर मोठ्या कढईत ते उकळून, मांस काढून, कवचं वेगळी करायच्या. त्यांच्या हाताला तो वास रविवारी चर्चमध्येसुद्धा यायचा म्हणे. क्लीट मेहनती माणूस होता. एकेक पट्टा तळापर्यंत साफ करून पुढे सरकायचा. त्याच्यासारखे आणखी वीसजण. सत्तेचाळीस सालापर्यंत नदी पार खरवडून निघाली होती.

"त्या ऑगस्टात आमची गाय सुटली," मिस ऑर्फा म्हणाल्या. "तिच्या मागे मी पुलाच्या खालच्या अंगाला, त्या पांढऱ्या कड्याखाली पाण्यात शिरले. अनवाणी. आणि पायाखाली एक शिंपला मिटला. मग दुसरा. मग जिथे पाऊल टाकावं तिथे. मी हलले की मिटायचे, थांबले की थोड्या वेळानं उघडायचे. हातभर जागा मोकळी नव्हती, व्हर्लीन. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. गाय गेली खड्ड्यात."

"मग?"

"घरी गेले आणि क्लीटला सांगितलं, कड्याखाली नुसती दलदलीची वाळू आहे, गाय कशीबशी बाहेर काढली. त्यानं तिकडे होडी कधीच नेली नाही. एकवीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले आणि रोज खोटं बोलले. चर्चच्या पंचांत बसायचा तो."

"का पण, मिस ऑर्फा? तेव्हा तर तुमचं पोट त्यावरच होतं."

 "याचं उत्तर असतं तर क्लीटलाच दिलं असतं ना. तेवढे तरी राहू देत असं वाटलं. बस."

पेच आता होता. सांगितलं नाही तर धरणाच्या गाळात सगळे गुदमरून मरणार. सांगितलं तर सरकारी कागदावर जागा येणार, आणि तो कागद कुणीही वाचू शकतो. बटणं केव्हाच प्लास्टिकची झाली होती, पण जपानमध्ये मोत्याच्या आत घालायच्या मण्यासाठी आमचेच शिंपले लागत आणि त्या वर्षी त्यांना कधी नव्हता असा भाव होता. होडीवर हवेचा पंप ठेवून, तोंडात नळी धरून माणसं तळाशी तासन् तास बसायची. त्यांतला सगळ्यात पटाईत म्हणजे मिस ऑर्फांचा पुतण्या रॉइस. त्याला हा पट्टा आठवडाभर पुरला नसता.

"दोन्हीकडून मरणच," मी म्हटलं.

"नाही. एकीकडून नक्की, दुसरीकडून कदाचित," त्या म्हणाल्या आणि बादलीवरून उठल्या.

ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर मी मिस ऑर्फांना आणि त्यांनीच बोलावलेल्या एमेटला होडीतून कड्याखाली नेलं. एमेटनं रबरी बूट चढवले होते.

"बूट काढा," मिस ऑर्फा म्हणाल्या.

"मॅडम, खाली काचा असतील."

"काचा नाहीत. काढा."

तो उतरला. दोन पावलं गेला आणि थांबला. मी त्याचा चेहरा बघत होते. पोराच्या काखेत गुदगुल्या केल्यावर तो होतो ना, तसा झाला. मग त्यानं पाण्यात बघायचा मुखवटा लावला आणि पालथा झाला. अर्धा तास आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मधेच डोकं वर काढून तो एखादं लॅटिन नाव ओरडायचा आणि मी ते वहीत चुकीचं लिहायची.

"त्याला काय म्हणता ते सोडा," मिस ऑर्फा काठावरून म्हणायच्या. "तो डुकरखुरी आहे. हा धोबीफळी. तो लांबुडका पिस्तूलमूठ. हळू ठेवा, तोंड वर करून ठेवा. होता तसाच."

"आणि हा?"

"माकडतोंड्या. तुमच्याकडे बघून हसतोय."

एके ठिकाणी त्यांनी त्याला हाताला धरून थांबवलं. तळाशी एक शिंपला उघडा होता आणि त्याच्या कडेला बोटाएवढा मासा वळवळत होता. डोळा, शेपूट, सगळं होतं. पण तो मासा नव्हता, शिंपल्याच्याच मांसाची झालर होती ती. एक मोठा बास मासा आला, त्यानं तिला चावा घेतला, आणि शिंपल्यानं त्याच्या तोंडावर पिल्लांचा धूर सोडला. पिल्लं आता त्याच्या कल्ल्यांत बसून वाढणार आणि कुठेतरी लांब उतरणार.

"पुस्तकात वाचलंय हे," एमेट म्हणाला. "बघायला मिळालं नव्हतं."

"मी दर उन्हाळ्यात बघते," मिस ऑर्फा म्हणाल्या. "फुकट आहे."

संध्याकाळपर्यंत एकोणतीस जाती झाल्या. त्यांतली एक एमेटनं फक्त संग्रहालयाच्या खणात, वाळलेली पाहिली होती. कोंबडीच्या अंड्याएवढा पिवळसर शिंपला. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तो पाण्यातच बसला. कवचावरची वर्षांची वर्तुळं मोजून म्हणाला, "हा तुमच्याहून मोठा असेल, मिस ऑर्फा."

"मग त्याला आधी खाली ठेवा. वडीलधाऱ्यांना असं उचलून धरत नाहीत."

परत येताना तो वहीतली नावं दुरुस्त करत होता. पूल दिसायला लागल्यावर म्हणाला, "माझा अहवाल फाडावा लागेल."

"फाडू नका. मागची बाजू कोरी आहे."

"पण जागा लिहावी लागेल. कायद्याला पुरावा लागतो."

"ठाऊक आहे. फक्त आठ दिवस द्या. एका माणसाला ते माझ्या तोंडून कळायला हवं."

रॉइसकडे जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं, त्यांना गाडी चालवता येत नव्हती म्हणून. अंगणात तो पंपाचं इंजिन खोलून बसला होता. पस्तिशीचा, तीन पोरांचा बाप. नदीकाठी त्याची चाळीस एकर जमीन होती आणि फाटकावर पाटी होती: 'सरकारनं नदीपासून हात लांब ठेवावेत.' दुसऱ्या एका नदीवर उद्यान झालं तेव्हा त्याच्या सासरच्यांना घर सोडावं लागलं होतं. त्याचा राग हवेतला नव्हता.

मिस ऑर्फांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे क्लीटकाकाला तू फसवलंस?"

"हो."

"मला पण. सोळा वर्षं मी त्या कड्यावरून होडी नेतोय. दलदल आहे म्हणून पोरांना तिकडे पोहू देत नाही!"

"ते बरंच केलंस. प्रवाह ओढतो तिथे."

"काकू, थट्टा नको. हे मला का सांगतेस? सरकारला सांगितलंस ना?"

"तू घरचा आहेस. कागदावरून कळलं असतं तर मला तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं."

"आणि मी उद्या सकाळी पंप घेऊन उतरलो तर?"

"तर उतरशील. मी म्हातारी काय अडवणार तुला?" त्या म्हणाल्या. मग, "पण रॉइस, काढायच्या आधी एकदा नुसता बघ. एवढं कर."

तो उठून घरात गेला आणि जाळीचं दार त्यानं आपटलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याची होडी माझ्या दुकानावरून खाली गेली. पंप होताच. दुपारी वर आली तेव्हा पुढच्या फळीवर एक भरलेलं पोतं होतं. मी मिस ऑर्फांना फोन केला.  मग त्या म्हणाल्या, "एकच?"

"एकच."

"बरं." आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नाही, त्या दिवशीही ऐकलं नाही. पण पुढचे दोन आठवडे त्या गांडुळं घ्यायला आल्या नाहीत.

ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी झाली. दोनशे माणसं, निम्म्यांच्या हातात फलक. मिस ऑर्फांचा नंबर लागला तेव्हा त्या कागद न घेता उभ्या राहिल्या आणि सगळ्या चर्चच्या मंडळींसमोर त्यांनी सांगितलं की मी माझ्या नवऱ्याशी एकवीस वर्षं खोटं बोलले.  मागून हॅरल गूच ओरडला, "ऑर्फा, क्लीटपासून आणखी काय काय लपवलंस?"

"तू उसनी नेलेली त्याची करवत परत आणली नाहीस, ते लपवलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तो तुझ्या दारात उभा राहिला असता."

हशा पिकला. तो ओसरल्यावर त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "या नदीतले शिंपले मीच उकळले. हजारोंनी. त्यामुळे नदीचं मी देणं लागते. कड्याखाली जे उरलंय ते मी केलेलं नाही, मी फक्त तोंड बंद ठेवलं. आता तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून उघडलं." आणि बसल्या.

मग रॉइस उठला.  त्यानं टोपी काढली.

"मी या कायद्याच्या विरोधात आहे," तो म्हणाला. "ते लिहून घ्या. माझ्या जमिनीत कुणी पाय ठेवला तर त्याला मी हाकलून लावीन, तेही लिहा. पण काकू बोलली ते खरं आहे. मी पाण्याखाली सोळा वर्षं काढली, पाच नद्या पाहिल्या. असा पट्टा पाहिलेला नाही. मी एक पोतं काढलं आणि विकलं. दुसरं भरायला खाली गेलो आणि नाही भरलं. का ते मला विचारू नका."

वॉशिंग्टनातल्या आमच्या लोकप्रतिनिधीच्या कचेरीतला माणूस तोवर पेन्सिलीशी खेळत होता. तो भराभर लिहायला लागला. नदीच्या बाजूनं बोलणारे त्या दिवशी चौदाजण होते. पण मला विचाराल तर काम केलं ते विरोधकानं.

दीड वर्ष गेलं. त्या काळात कड्याखाली दुसरी कुठलीही होडी थांबली नाही. नळीवाल्या बाकीच्यांना रॉइसनं काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. नंतर राज्याच्या मासे-शिकार खात्यानं त्या भागात शिंपले काढायला बंदी घातली. रॉइसची जमीन रॉइसकडेच राहिली, पाटीही राहिली.

बिल मंजूर झालं, सही झाली, आणि एमेटनं कायद्याची छापील प्रत पोस्टानं पाठवली. मिस ऑर्फा दुकानात आल्या तेव्हा चष्मा घरी विसरल्या होत्या, म्हणून मी वाचून दाखवलं. लिटल सॉरेल, टिलफर्डच्या पुलापासून जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत, तेरा मैल, निसर्गरम्य नदी म्हणून राखावी.

"एवढंच?"

"एवढंच. दोन ओळी."

"शिंपल्यांचं नाव नाही?"

"नाही."

 "बरं झालं. माकडतोंड्या नि डुकरखुरी ऐकून वॉशिंग्टनात हसले असते, मग सही राहिली असती बाजूला."

मी त्यांना ग्रेव्ही वाढली. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली, जी त्या कधी खात नसत, आणि ताट पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "व्हर्लीन, रॉइसच्या धाकटीला पोहायला शिकवायचंय म्हणत होता तो. कड्याखाली नको म्हणावं. पुलाच्या वरच्या अंगाला शिकव." आणि ते सांगायला त्या स्वतःच, त्या मोठ्या बुटांत, दीड मैल चालत त्याच्याकडे निघाल्या.